डावीकडे दीड इंच जास्त

चौथ्यांदा फोन आला तेव्हा मी जळगावात पिंप्राळ्याच्या घरी जेवायला बसलो होतो. स्क्रीनवर ‘मनीषाताई कल्टिव्हेटर’ हे नाव दिसलं आणि माझी भूकच मेली.

“भाऊ, परत डावीकडे जास्त जातंय,” त्या म्हणाल्या.

आवाज नेहमीसारखाच शांत, आणि मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. गिऱ्हाईक ओरडलं की आपल्यालाही मनातल्या मनात चार शिव्या देता येतात. ही बाई कधी ओरडली नाही. एका महिन्यात तीन वेळा मी तिच्या शेतात जाऊन आलो, तिन्ही वेळा यंत्र माझ्यासमोर सुतासारखं सरळ चाललं, आणि मी जळगावला पोचून हातपाय धुवेपर्यंत परत बिघडलं.

मी जळगावच्या एका ट्रॅक्टर डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर आहे. कार्डावर इंजिनिअर, खेड्यात गेलं की मिस्तरी, आणि काम नाही झालं की ‘तो कंपनीवाला’. बावीस वर्षं हेच करतोय. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखतो असं मी लोकांना सांगत असे. हल्ली जरा कमी सांगतो.

आधी हे यंत्र काय ते सांगतो. कपाशीच्या दोन ओळींमधलं तण काढायला पूर्वी बैलांचं कोळपं चालायचं. त्याच कामाची फणांची लोखंडी फ्रेम ट्रॅक्टरला जोडली की तिला कल्टिव्हेटर म्हणायचं. ती बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या मागे असते. म्हणजे ड्रायव्हरने पुढे बघून चालवायचं आणि मागे काय कापलं जातंय ते मान मोडून बघायचं. त्यावर उपाय म्हणून आमच्या शेठनी गुजरातेतून पुढे बसणारे कल्टिव्हेटर मागवले. मिनी ट्रॅक्टरच्या नाकासमोर पाच फुटी फ्रेम, तिला दोन्ही अंगांना तीन-तीन फण. कपाशीची एक ओळ ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाते आणि फण तिच्या दोन्ही बाजूंची जमीन दोन इंच खरवडत पुढे सरकतात. सगळं डोळ्यासमोर दिसतं. कल्पना झकास आहे, पण फ्रेम लेव्हलमध्ये पाहिजे. दोन इंचांना तण निघतं. तीन इंच गेलं की कपाशीची मुळं तुटतात. एक इंचच गेलं तर तणाला फक्त गुदगुल्या होतात.

मनीषाताईंच्या शेतात डावीकडे पावणेतीन इंच आणि उजवीकडे सव्वा इंच जात होतं. डावीकडची कपाशी माना टाकत होती, उजवीकडे गवत माजत होतं.

गाव पारोळ्याच्या पलीकडे, धुळ्याच्या वाटेवर. घरचा मुलगा सुरतेला कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. शेत बघायचं ते त्याच्या बायकोने, म्हणजे मनीषाताईंनी, आणि तिच्या सासऱ्यांनी. सासऱ्यांना अख्खं गाव नाना म्हणतं. सत्तरीचा माणूस, तरुणपणी कुस्त्या खेळलेला, अजूनही पंच्याऐंशी किलोचा ऐवज. ताईंनी ट्रॅक्टर शिकून घेतला आणि नानांनी, हो-नाही करत, स्टिअरिंग त्यांच्या हाती दिलं. त्या गावात बाई ट्रॅक्टर चालवतेय हे पहिलंच. त्यामुळे बांधाबांधावरून लोक बघत होते. एक ओळ वाकडी गेली की संध्याकाळी पारावर विषय तयार.

पहिल्या खेपेला मी रुबाबात गेलो. डाव्या मागच्या टायरात हवा कमी सापडली. छोट्या ट्रॅक्टरमध्ये हे फार महत्त्वाचं असतं. पुढचा अॅक्सल मधोमध एका पिनवर झुलतो, त्यामुळे ट्रॅक्टर सरळ उभा आहे की कलंडलाय हे मागची दोन चाकं ठरवतात. मागचं डावं चाक अर्धा इंच बसलं की पुढची फ्रेम डावीकडे त्याहून जास्त खाली जाते. मी हवा सारखी केली, ट्रायल घेतली, दोन्हीकडे दोन इंच. काम फत्ते.

तोवर नाना बांधावर माझी वाट बघत उभे. हाताला धरून मला लिंबाखाली खाटेवर बसवलं, स्वतः शेजारी बसले, घरून चहा मागवला. आम्ही पावसापाण्याचं बोललो. समोर ताई ट्रॅक्टर चालवत होत्या आणि माती दोन्हीकडे सारखी फुटत होती. बघून माझं मन भरून आलं, खोटं का सांगू.

दोन दिवसांनी फोन. दुसऱ्या खेपेला मी पूर्ण लेव्हलिंग केलं. गावातल्या गोदामाच्या सपाट ओट्यावर ट्रॅक्टर उभा केला आणि चारही चाकांखाली दोन इंची लाकडी ठोकळे सरकवले. ते ठोकळे मी पिशवीत घेऊनच फिरतो, लोक हसतात. कारण साधं आहे. शेतात चाकं जमिनीवर चालतात आणि फण जमिनीच्या आत दोन इंच. मग ओट्यावर चाकं दोन इंच उचलली आणि फण ओट्याला टेकवले की तीच स्थिती झाली. सहाही फण एकाच वेळी टेकले पाहिजेत. जो टेकत नाही तो सैल करून खाली घ्यायचा. मग बाजूने बघायचं, फ्रेमचा पाइप जमिनीशी समांतर आहे का. नाक खाली झुकलं तर फण माती खात सुटतात, वर उठलं तर नुसते घसरतात. आणि फ्रेमच्या डाव्या अंगाला एक आट्यांचा रॉड असतो. तो फिरवला की ती बाजू वर किंवा खाली होते. सगळं दोऱ्यागणिक, इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत, जुळवलं. शेतात ट्रायल घेतली, परत झकास. परत लिंबाखाली खाट, परत चहा. या वेळी पापडही होते.

तीन दिवसांनी फोन.

तिसऱ्या खेपेला डोकं फिरलं होतं. मी पिना बदलल्या, त्यांच्याभोवतीचे बुश बदलले, फ्रेमचे सगळे बोल्ट नवीन टाकले. यंत्र चाललं, नेहमीसारखं, माझ्यासमोर. नाना शेजारी बसून शांतपणे म्हणाले, “साहेब, हाई यंत्र तुमनासमोर बराबर चालस. तुम्ही गयात की बिघडी जास. मंग यंत्रमा काय खराबी शे?”

यंत्रात खराबी नाही हे मीच तीनदा सिद्ध केलं होतं.

“सूनबाईना हात वाकडा शे,” नाना म्हणाले. “तुमनासमोर ती धाकमा नीट चालावस.”

नाना रागावून बोलले असते तर मी वाद घातला असता. ते हिशोब मांडल्यासारखं बोलले, आणि तो हिशोब मला पटला. पटला कारण त्यात माझी सुटका होती. मी जॉब कार्ड काढलं आणि ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात दोन शब्द लिहिले, ‘ऑपरेटर एरर’. म्हणजे चालवणाऱ्याची चूक. सही केली, एक कॉपी नानांच्या हातात दिली. नानांनी ती नीट घडी घालून खिशात ठेवली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मी अर्थ सांगितला होता. फार उत्साहाने सांगितला होता.

हे सगळं ताट समोर ठेवून मला आठवत होतं. फोनवर ताई म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही कागदावर माझं नाव लावून गेले. नानांनी बाजूच्या गावातला ड्रायव्हर बोलवलाय. परवापासून तो चालवणार. पाऊस उघडलाय, आजपासून वापसा आहे. मला एक दिवस आहे फक्त.”

वापसा म्हणजे पाऊस थांबल्यावर जमीन चिखलही नाही आणि ढेकूळही नाही अशी होते ते दोन-चार दिवस. तेव्हाच कोळपायचं. त्या दिवसांत स्टिअरिंगवर जो बसेल तोच मग कायमचा बसणार हे ताईंना कळत होतं, मलाही कळत होतं. एकदा खाली उतरलेल्या सुनेला परत वर चढवायला आपल्याकडे कुणी बोलावत नाही.

मी म्हणालो, “ताई, उद्या सकाळी येतो.”

त्या म्हणाल्या, “या. पण या वेळी बांधावर येऊ नका. गाडी डांबरी रस्त्यावरच लावा, केळीच्या आडून चालत या आणि तिथूनच बघा. नानांना सांगू नका.”

मला राग आला. मी काय चोर आहे? बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने केळीच्या बागेत लपून ट्रॅक्टर बघायचा? पण त्या दोन शब्दांचं ओझं मनावर होतं. हो म्हणालो.

सकाळी निघण्याआधी शेठनी गाठलं. शेठ रागावले की हळू बोलतात, तेव्हा ते फारच हळू बोलत होते. गावात चार लोक ते यंत्र घ्यायला तयार होते आणि आता चौघांनी हात वर केले होते. आज जमलं नाही तर यंत्र काढून परत आणायचं, आणि दुकानात उरलेले कल्टिव्हेटर मला न विचारता गुजरातेला धाडून द्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या ठोकळ्यांच्या पिशवीकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

मोटरसायकल रस्त्यावर लावली आणि केळीतून वाकून पुढे गेलो. शर्टाला केळीचा चीक लागला, तो अजून निघालेला नाही. बागेच्या टोकाला आलो तर समोर कपाशी, आणि मधून ट्रॅक्टर येतोय. स्टिअरिंगवर ताई. आणि डाव्या मडगार्डवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या त्या पत्र्यावर, एक पाय खाली सोडून, हात गुडघ्यावर टेकून, नाना.

मी कपाळावर हात मारून घेतला.

उजव्या बाजूला गिअर आणि हायड्रॉलिकचे दांडे असतात, म्हणून जो कुणी ट्रॅक्टरवर सोबत बसतो तो डावीकडेच बसतो. आपल्याकडे ट्रॅक्टर एकट्याने चालवायचा असतो हे फक्त मॅन्युअलला माहीत आहे. मोठ्या ट्रॅक्टरला एका माणसाने काही फरक पडत नाही. पण हा मिनी ट्रॅक्टर, वजनाला हलका, टायर छोटे, खाली पावसाने भुसभुशीत झालेली काळी माती, आणि डाव्या चाकावर पंच्याऐंशी किलोचे निवृत्त पहेलवान. चाक मातीत बसणार, ट्रॅक्टर कलंडणार, फ्रेम डावीकडे खाली जाणार. एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही. पण मी तीन खेपा घातल्या होत्या, आणि तिन्ही वेळा माझ्या मोटरसायकलचा आवाज आला की नाना मडगार्डवरून उतरून माझ्या स्वागताला बांधावर येत होते. पाहुण्याला एकटं बसवायचं नाही ही त्यांची रीत. मी तिथे असेपर्यंत ते माझ्याजवळून हलले नाहीत. म्हणजे मी शेतात पोचलो की बिघाड खाली उतरून माझ्याशेजारी खाटेवर बसायचा, मला चहा पाजायचा आणि पावसापाण्याचं विचारायचा. आणि मी पिना बदलत होतो.

लाज वाटली ती याची नाही. अशी फजिती धंद्यात होते. लाज वाटली त्या कागदाची. तीनदा ती बाई माझ्यासमोर ट्रॅक्टर सरळ चालवून गेली आणि मी तिचाच हात वाकडा ठरवून सही केली.

मी केळीतून बाहेर आलो. नानांनी मला बघितलं आणि सवयीने उतरायला लागले. मी लांबूनच दोन्ही हात वर केले. “नाना, उतरू नका. आज तिथेच बसा. मला मोजायचंय.”

ताईंनी ट्रॅक्टर थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही, पुढे बघत बसल्या. मी टेप काढला. नाना बसलेले असताना फ्रेमचं डावं टोक जमिनीपासून किती, उजवं किती, दोन्ही मोजलं. फरक दीड इंच. मग म्हणालो, नाना, आता जरा उतरा. ते उतरले, ताईंनी ट्रॅक्टर चार हात पुढे घेतला, परत मोजलं. फरक शून्य. टेप मी नानांच्या डोळ्यांसमोर धरला होता. परत बसवलं, परत दीड इंच.

नानांनी टेप हातात घेऊन आकडा स्वतः बघितला. मला वाटलं आता भडकतील. घरच्या कर्त्या माणसाला, त्याच्याच शेतात, सुनेसमोर, ‘बिघाड तुम्ही आहात’ हे टेप लावून सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मी घाईघाईने म्हणालो, “नाना, सेटिंग बसणाऱ्या माणसाच्या वजनावर करायचं असतं. ते मी केलं नाही. चूक माझी आहे.”

“मंग तिना हात?” नानांनी विचारलं.

“हात सरळ आहे. पहिल्या दिवसापासून सरळ आहे. तो कागद द्या मला.”

नानांनी खिशातून कागद काढला. घडी घालून घालून मऊ झाला होता, म्हणजे बऱ्याच जणांना दाखवून झाला असणार. मी तो त्यांच्यासमोर फाडला. नवीन जॉब कार्ड लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. कारण साइड लोड, चालवणाऱ्याची चूक नाही, सेटिंगची चूक, आज दुरुस्त. ताई अजूनही पुढेच बघत होत्या, पण त्यांनी पदराने तोंड पुसलं. घाम होता की काय ते मी विचारलं नाही.

मग मी माझं कर्तव्य म्हणून नानांना सांगितलं की नियमाप्रमाणे मडगार्डवर कुणी बसायचं नाही, धोका असतो, तोल गेला तर माणूस चाकाखाली येतो. अगदी हात जोडून सांगितलं.

नाना म्हणाले, “नियम लिखणाराले सून शे का?”

मी दुकानातून एक धरायचा दांडा आणून मडगार्डला वेल्डिंग करून देतो एवढं कबूल केलं आणि कल्टिव्हेटरचा रॉड हातात घेतला. नाना बसलेले असताना डावी बाजू वर घेतली, आटा फिरवत, मोजत, परत फिरवत, दोन्ही टोकं सारखी होईपर्यंत. लेव्हलिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे नाही. पुस्तकात ट्रॅक्टर रिकामा असतो. मग ट्रॅक्टर निघाला. नाना वर, ताई स्टिअरिंगवर. मी मागून चालत गेलो आणि दर दहा पावलांवर बोट घालून खोली बघितली. दोन इंच, दोन इंच, दोन इंच. दुपारपर्यंत दीड एकर झालं. बांधावर उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी खाली वाकून माती बघितली आणि निघून गेले. नानांनी तिथूनच त्या ड्रायव्हरला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

संध्याकाळी शेठनी जॉब कार्ड हातात घेतलं. “कारण काय लिहिलंय? साइड लोड? साइड लोड म्हणजे काय?”

“नाना,” मी म्हणालो.

शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, उरलेल्या गिऱ्हाइकांच्या घरी असे किती नाना आहेत. मी म्हणालो, प्रत्येक घरी एक. त्यांनी यंत्रं परत पाठवली नाहीत.

कापूस वेचणीच्या आधी, ऑक्टोबरात, मी फ्री सर्व्हिसला गेलो. तोवर ताई शेजारच्या तीन-चार शेतांत कोळपून आल्या होत्या, आणि लोक त्यांनाच बोलवत होते. दांड्याचं वेल्डिंग मी मागेच करून दिलं होतं. त्या दिवशी नाना दवाखान्यात डोळे दाखवायला गेले होते. ऑइल बदलताना माझं लक्ष आट्यांच्या रॉडकडे गेलं. त्यावर नेलपॉलिशच्या दोन लाल खुणा होत्या, एकीच्या वर एक, दीड-दोन बोटांच्या अंतराने.

“हे काय, ताई?”

“वरची नाना बसतात तेव्हाची. खालची ते नसतात तेव्हाची. दुसऱ्यांच्या शेतात नाना येत नाहीत ना.”

मला कौतुक वाटलं. आम्ही दुकानात हे सुचवलं नव्हतं. वरची खूण मी लावलेल्या सेटिंगची होती, ते कळलं. पण खालची इतकी अचूक कशी काय? मी मोजून बघितली, दोऱ्याचाही फरक नव्हता.

“ती तर आधीपासून आहे,” ताई म्हणाल्या. “तुम्ही पहिल्यांदा येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाना तेराव्याला गेले होते. मी एकटीने आठ ओळी मारल्या, बठ्ठ्या, आठच्या आठ सरळ. पुढच्या दिवशी ते वर बसले आणि परत वाकडं जायला लागलं. तेव्हाच कळलं. मग खूण करून ठेवली, वरून माती लावून, कुणाला दिसू नये म्हणून.”

म्हणजे माझी दुसरी खेप, तिसरी खेप, ते ठोकळे, पिना, बुश, पापड, सगळं होण्याआधी या बाईला बिघाड माहीत होता. मला जरा झोंबलंच. मी विचारलं, “मग ताई, मला अजून तीनदा कशाला पळवलं? नानांना सांगायचं सरळ, खाली उतरा म्हणून.”

त्यांनी कापडाने रॉड पुसला, खुणा जपून.

“सांगितलं असतं तर उतरले असते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आणि मला पण उतरवलं असतं.”

मी ऑइल भरलं, नट आवळला आणि जॉब कार्ड काढलं. ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहिलं, आणि चालवणाऱ्याचं नाव या रकान्यात, आजवर मी तो कधी भरत नव्हतो, त्यांचं पूर्ण नाव विचारून लिहिलं.